कोपऱ्यावरचा योग स्टुडिओ



आजचा विषय जवळचा आहे, म्हणजे अगदी पायी जाण्याइतका जवळचा. तुमच्या घराजवळचा प्लाझा डोळ्यांसमोर आणा. एक दातांचा दवाखाना, एक पिझ्झाचं दुकान, एखादा ड्राय क्लीनर, आणि या सगळ्यांच्या मधे काचेवर कमळ नाहीतर ॐ रंगवलेला योग स्टुडिओ. दारात बर्फाचे बूट ठेवायला रबरी ताटं, भिंतीला कोट टांगायच्या खुंट्या, आत लाकडी जमीन. व्हँकुव्हरपासून हॅलिफॅक्सपर्यंत हे चित्र फारसं बदलत नाही. त्या काचेसमोरून आपण रोज जातो. आत किती जण गेलो आहोत?

मी अकरा वर्षं गेलो नव्हतो. कारण विचाराल तर थोडी ऐट. ‘आपल्याला हे काय योग शिकवणार!’ हे वाक्य आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या तोंडी असतं, मोठ्यानं म्हणा किंवा मनात. आणि खरं सांगायचं तर ऐटीच्या मागे लाजही होती. मला मांडी घालून पंधरा मिनिटं बसवत नाही, आणि हे चारचौघांत उघड होऊ नये असं वाटायचं.

मग २०१८ च्या नोव्हेंबरात आई पुण्याहून सुपर व्हिसावर आमच्याकडे मिसिसागाला आली. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे. नंतर आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत, साडेचारला अंधार. दिवसभर घरात ती आणि भट्टीचा घूं घूं आवाज. तुमच्याकडे आईवडील येऊन राहिले असतील तर पुढचं मी सांगायला नको. एका दुपारी ती स्वतःच कोट घालून निघाली आणि प्लाझातल्या त्या स्टुडिओत जाऊन बसली. संध्याकाळी मला म्हणाली, “अरे, त्या बाईंनी विचारलं कुठल्या तुम्ही. मी पुणे म्हटलं. तर म्हणाल्या, मॉडेल कॉलनी? हरेकृष्ण मंदिर रस्ता? त्या तिथे महिनाभर राहून शिकून आल्यात. रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता त्यांना पाठ आहे.” आणि मग जरा थांबून, “मी चाळीस वर्षं त्या इमारतीसमोरून जातेय. आत एकदाही गेले नाही.”

मंडळी, मिसिसागातल्या एका बाईंना पुण्यातला पत्ता पाठ असतो आणि जन्मभर पुण्यात राहिलेली बाई तिथे कधी आत गेलेली नसते, हे कसं होतं? या प्रश्नानं मला जरा इतिहासात शिरायला लावलं. आज तोच सांगतो.

सुरुवात १८९२ मध्ये, मुंबईहून पुण्याला येणाऱ्या गाडीत करू. लोकमान्य टिळकांच्या डब्यात एक तरुण संन्यासी चढला. ओळख झाली, आणि टिळकांनी त्याला पुण्यात आपल्या घरी उतरवून घेतलं. आठ-दहा दिवस तो राहिला. नाव विचारलं तर ‘संन्यासी’ एवढंच सांगायचा. पुढच्या वर्षी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेची बातमी जगभर झाली, तेव्हा टिळकांच्या ध्यानात आलं की आपल्याकडे उतरलेला पाहुणा हाच, स्वामी विवेकानंद.

शिकागो आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. पण वाटेतला मुक्काम शिकवत नाहीत. विवेकानंद ३१ मे १८९३ ला मुंबईहून निघाले, जपानमार्गे पॅसिफिक ओलांडला, आणि २५ जुलैला ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या बोटीतून उतरले ते व्हँकुव्हरला. म्हणजे उत्तर अमेरिकेच्या भूमीवर त्यांचं पहिलं पाऊल कॅनडात पडलं. गरम कपडे बरोबर नव्हते, बोटीवर थंडीनं हाल झाले. (इथे पहिला हिवाळा काढलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.) तिथून कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनं रॉकी पर्वत ओलांडून ते विनिपेगला आणि तिथून शिकागोला गेले. बंदरावर त्यांना कोणी अडवलं नाही.

आता त्याच बंदरावर एकवीस वर्षांनी या. १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ ही बोट ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आली. बहुतेक पंजाबी, त्यातही शीख. कॅनडानं १९०८ मध्येच नियम केला होता की आपल्या देशातून थेट, न थांबता आलेल्यालाच प्रवेश. त्या काळी भारतातून तसं थेट येणं जवळपास अशक्यच, आणि नियमाचा हेतूही तोच होता. दोन महिने ती बोट बंदरात उभी होती. अन्नपाण्यासाठी झगडा झाला, कोर्टकचेरी झाली, मूठभर लोकांना उतरू दिलं, आणि बाकीच्यांना घेऊन २३ जुलै १९१४ ला बोट परत फिरवली. विवेकानंद उतरले ती तारीख २५ जुलै. वर्षं वेगळी, पण बंदर तेच आणि महिनाही तोच.

या दोन बोटी मी शेजारी शेजारी ठेवतो, कारण पुढची पन्नास वर्षं हेच चाललं. भारतातली विद्या येऊ द्यायची, माणूस नाही. इथल्या भारतीयांना मतदानाचा हक्क १९४७ मध्ये मिळाला. १९५१ च्या करारानं वर्षाला किती भारतीय घ्यायचे ठरलं? दीडशे. अख्ख्या देशातून दीडशे. १९५७ मध्ये ते तीनशे झाले.

आणि नेमकी हीच वर्षं कॅनडात योग रुजण्याची आहेत. बर्लिनमध्ये जन्मलेल्या सिल्व्हिया हेलमन नावाच्या नर्तिका महायुद्धानंतर मॉन्ट्रियलला येऊन राहिल्या. १९५५ मध्ये त्या ऋषिकेशला स्वामी शिवानंदांकडे गेल्या, १९५६ मध्ये संन्यास घेऊन स्वामी शिवानंद राधा झाल्या, आणि गुरूंनी सांगितलं म्हणून कॅनडात परत आल्या. १९५७ मध्ये त्यांनी व्हँकुव्हरजवळ आश्रम काढला. तो १९६३ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या कूटनी सरोवराकाठी हलला आणि यशोधरा आश्रम या नावानं आजही तिथेच आहे. शिवानंदांचेच दुसरे शिष्य, केरळचे स्वामी विष्णुदेवानंद, यांनी १९५९ मध्ये मॉन्ट्रियलला केंद्र सुरू केलं आणि काही वर्षांतच लॉरेन्शियन डोंगरांत वाल-मोरँ इथे आश्रम बांधला.  वर्षाला तीनशे भारतीयांची मर्यादा असतानाची ही गोष्ट.

माणसांसाठी दार नीट उघडलं ते १९६७ मध्ये, गुणांची पद्धत आली तेव्हा. शिक्षण, भाषा, वय, काम यांना गुण, जन्मस्थळाला नाहीत. आपली मराठी मंडळी, इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षक, मोठ्या संख्येनं आली ती त्यानंतर. थोडक्यात, आपण टोरोंटोच्या विमानतळावर बॅगा घेऊन उभे राहिलो तेव्हा योग इथे आपल्याआधी दहा वर्षं घर करून बसला होता.

आता आईच्या पत्त्याकडे, म्हणजे पुण्याकडे वळू. योग आपल्या भाषेत नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, म्हणजे शके १२१२ मध्ये, इसवी सन १२९० मध्ये, आसन कसं घालावं, बंध कसे पडतात, कुंडलिनी कशी जागी होते याचं सविस्तर वर्णन मराठी ओव्यांत आलेलं आहे. पण पुढे वारकऱ्यांनी वाट धरली ती नामाची, टाळमृदंगाची. दहा जणांनी मिळून करायचं ते भजन. योग राहिला साधूंचा, मठातला, गुहेतला. घरात आला तर सूर्याला बारा नमस्कार आणि संध्येतला प्राणायाम, तोही मुंज झालेल्या मुलांचा. बायकांना तर त्याचं नावही नको.

तो गुहेतून बाहेर काढून सामान्य माणसासमोर मांडण्याचं काम विसाव्या शतकात झालं, आणि त्यातलं फार मोठं काम महाराष्ट्रात झालं. १९१८ मध्ये श्री योगेंद्र यांनी मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत गेले, काही वर्षं तिथे शिकवून परतले, आणि पुन्हा जायचं म्हणेपर्यंत १९२४ चा अमेरिकेचा कायदा आडवा आला. बघा, पुन्हा तेच. त्याच १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. नौली करताना पोटात काय होतं हे क्ष-किरण लावून पाहणारा आणि त्यावर ‘योगमीमांसा’ नावाचं नियतकालिक काढणारा हा माणूस. योगाला प्रयोगशाळेत नेलं ते लोणावळ्यानं.

आणि तिसरं नाव औंधचं. साताऱ्याकडचे श्रोते आता सरसावून बसतील. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारानं झपाटलेले होते. स्वतः घालायचे, राणीसाहेब घालायच्या, संस्थानातल्या शाळांतून सगळ्या मुलामुलींना घालायला लावायचे. त्यांनी त्यावर पुस्तकं लिहिली, आणि १९३८ मध्ये ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ या नावानं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. गंमत अशी की हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत आजच्यासारखे सूर्यनमस्कार सापडत नाहीत. तो आपल्याकडचा आखाड्यातला, तालमीतला व्यायाम. आज कॅनडातल्या जवळजवळ प्रत्येक स्टुडिओत सकाळच्या वर्गाची सुरुवात ‘सन सॅल्युटेशन’नं होते. शिकवणारीला औंध कुठे आहे हे बहुधा ठाऊक नसतं. आपल्याला तरी कुठे असतं?

पण मिसिसागाच्या बाईंचा पत्ता यांच्यापैकी कोणाचा नव्हता. तो होता बी. के. एस. अय्यंगारांच्या संस्थेचा. आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

अय्यंगार पुण्याचे नव्हेत. जन्म १४ डिसेंबर १९१८, कर्नाटकातलं बेळ्ळूर. तेरा भावंडांतलं अकरावं, लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय, सगळं भोगलेलं. मैसूरला मेहुण्यांकडे, कृष्णमाचार्यांकडे, योग शिकले, तेही मारझोड सोसत. बेळगावात त्या मंडळींची प्रात्यक्षिकं झाली, ती डॉ. गोखले नावाच्या सर्जननी पाहिली. पुढे गोखले पुण्यात आले आणि त्यांच्या खटपटीतून १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यानं एक शिक्षक बोलावला. या मुलाला थोडं इंग्रजी येत होतं म्हणून त्याला पाठवलं. वय अठरा. करार सहा महिन्यांचा. मराठी एक अक्षर येत नव्हतं.

कल्पना करा. समोर पुण्याची कॉलेजची पोरं, अंगानं धट्टीकट्टी, शिकलेली, आणि मुख्य म्हणजे पुणेरी. हा पोरसवदा, काडी पैलवान, परक्या मुलखातला, उच्चार वेगळा. त्यांनी त्याची टिंगल केली नसती तरच नवल. सहा महिन्यांचा करार वाढला, मग संपला, आणि मग वर्षानुवर्षं हलाखी. कधी भात, कधी नुसतं पाणी. सायकलवरून घरोघर शिकवण्या. शिकवण्याआधी स्वतःच्या अंगावर तासन्‌तास प्रयोग. १९४३ मध्ये रमामणींशी लग्न झालं. संसार पुण्यातच मांडला, मुलं पुण्यातच वाढली, आणि हळूहळू ते पुण्याचेच झाले.

आपण सगळे परमुलखात येऊन राहिलेले आहोत. नवी भाषा, हसणारे शेजारी, कराराची नोकरी, ‘हे किती दिवस टिकणार’ हा घोर. अय्यंगारांचं चरित्र आपल्याकडे योगगुरूचं चरित्र म्हणून वाचतात. मी ते स्थलांतरिताचं चरित्र म्हणूनही वाचतो.

१९५२ मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांची भेट झाली. पाच मिनिटं दिली होती, ती साडेतीन तासांवर गेली असं सांगतात. त्यातून युरोपची वाट उघडली. १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योगा’ आलं. दोनशेच्या वर आसनं, सहाशेच्या आसपास छायाचित्रं, आणि प्रत्येक आसनात टाच कुठे, गुडघा कसा, हे इतकं बारकाईनं की गुरू नसलेल्या गावातला माणूसही पुस्तक उघडून शिकू शकेल. कॅनडासारख्या प्रचंड आणि विरळ वस्तीच्या देशात हे फार उपयोगी पडलं. सास्काचेवानमधल्या एखाद्या गावी तेव्हा कुठला स्वामी यायला?

लंडनमध्ये १९७० च्या आसपास प्रौढशिक्षणाच्या सरकारी वर्गांत अय्यंगारांची पद्धत घेतली गेली, पण अटीवर. शरीराचं शिकवा, अध्यात्माचं नको. त्यांनी ते स्वीकारलं. यावरून त्यांना बोल लावणारे आजही आहेत: यांनी योगाची कसरत केली, ध्यान काढून टाकलं. पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. टाचेपासून टाळूपर्यंत लक्ष एकाच वेळी पसरलं की ते ध्यानच, डोळे मिटून बसणाऱ्याचं मन बाजारात फिरत असेल तर ते कसलं ध्यान? मला हा युक्तिवाद पटतो. अर्धाच पटतो, पण तो अर्धा पक्का पटतो.

१९७३ मध्ये रमामणी गेल्या. १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत त्यांच्या नावानं रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. योगाची आठ अंगं म्हणून सभागृहाला आठ खांब. आणि मग उलटी रांग लागली. कॅनडाच्या, इंग्लंडच्या, अमेरिकेच्या बायका (पुरुषही, पण बायका जास्त) काही वर्षांचा सराव दाखवून अर्ज करायच्या, वाट पाहायच्या, महिनाभरासाठी पुण्यात यायच्या. खोली भाड्यानं घ्यायच्या, रिक्षावाल्यांशी हुज्जत घालायला शिकायच्या. वर्गात कन्या गीता अय्यंगार कडक शब्दांत कान उपटायच्या. परत जाऊन या बायका चर्चच्या तळघरात, वायएमसीएच्या हॉलमध्ये वर्ग घ्यायच्या. व्हिक्टोरियाचं अय्यंगार केंद्र तर आजही कोणा मालकाचं दुकान नाही, सभासदांनी चालवलेली संस्था आहे. आपल्या महाराष्ट्र मंडळांसारखीच, म्हणजे वार्षिक सभा, खुर्च्या लावणारे तेच चार जण वगैरे.

स्टुडिओतलं सामान एकदा नीट बघा, तेही ओळखीचं वाटेल. ‘बोल्स्टर’ म्हणजे आपला बैठकीतला लोड. लाकडी ‘ब्लॉक’ म्हणजे वीट; विठोबाची नव्हे, पण उभं राहायलाच. दोऱ्या, पट्टे, घडीची खुर्ची, पांघरुणांची चवड. ज्याचं शरीर वाकत नाही त्यालाही आसनात पोचता यावं म्हणून अय्यंगारांनी घरातल्या वस्तू हाताशी घेतल्या. आई पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली होती, “माजघरच आहे रे ते.”

ध्यानाची जी अर्धी बाजू मला अय्यंगारांत अपुरी वाटते, तीही महाराष्ट्रातूनच इथे आली. ब्रह्मदेशात जन्मलेले मारवाडी व्यापारी सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि मुंबईत विपश्यनेचं पहिलं शिबिर त्यांनी घेतलं. १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी. कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला थांबते, वडापाव घ्यायला आपण उतरतो, तेच इगतपुरी. १९७९ मध्ये गोएंका पहिल्यांदा पश्चिमेकडे शिकवायला निघाले, फ्रान्स, कॅनडा, इंग्लंड. आज क्वेबेकमध्ये माँटेबेलोजवळ, ओंटारिओत, ब्रिटिश कोलंबियात मेरिटला अशी केंद्रं आहेत. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, फी नाही. आधी शिबिर केलेल्यांनी दिलेल्या दानावर सगळं चालतं आणि स्वयंपाकघरात भाज्या चिरणारेही जुने साधकच. एक मात्र सांगतो, ते गंभीर प्रकरण आहे. मन फार नाजूक अवस्थेत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, मगच नाव घाला.

बाजाराचं थोडक्यात. १९७० च्या दशकात टीव्हीवर करीन झेब्रॉफ यांनी कॅनडाच्या दिवाणखान्यांत योग नेला. १९९८ मध्ये व्हँकुव्हरला लुलुलेमन सुरू झालं आणि योगाचे कपडे योगापेक्षा मोठे झाले. त्यावर मी अधिक बोलत नाही. तुमच्या घरातल्या कॉलेजकन्येच्या कपाटात पुरावा असेलच.

पण २०१५ ची ओटावाची घटना सांगायलाच हवी. ओटावा विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांच्या केंद्रातर्फे काही वर्षं एक मोफत योगवर्ग चालायचा. त्या वर्षी तो थांबवला गेला. कारण असं की ज्या संस्कृतीनं वसाहतवाद सोसला तिची गोष्ट आपण अशी उचलावी का, अशी चिंता विद्यार्थी प्रतिनिधींना वाटली. बातमी जगभर गेली, हसण्यावारीही गेली. काही महिन्यांनी वर्ग पुन्हा सुरू झाला, भारतीय वंशाच्या शिक्षिकेकडून.

तेव्हा आपल्या गटात दोन तट पडलेले मला आठवतात. एक म्हणे, बरं झालं, आमचं आहे ते. दुसरा म्हणे, काय वेडेपणा, शिकू दे की जगाला. आज हा सगळा इतिहास पाहिल्यावर मला दोन्ही अपुरे वाटतात. ‘आमचं’ म्हणावं तर कुणाचं? पुण्याला योग शिकवला तो मराठी न येणाऱ्या पोरानं, आणि पुण्यानं त्याला उपाशी ठेवलं. औंधचे नमस्कार आपण शाळेतून सुटल्यावर घातले नाहीत. मिसिसागाच्या बाई पैसे साठवून ज्या दारात गेल्या, त्या दारावरून आमचं घराणं चाळीस वर्षं भाजीची पिशवी घेऊन गेलं. रक्तातून यातलं काही येत नाही, त्याचा पुरावा मी स्वतः, मांडीसकट.

पण म्हणून त्या विद्यार्थ्यांच्या चिंतेत काहीच नव्हतं असंही नाही. सल आहे, फक्त त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलं. कोणी गोऱ्या बाईनं ताडासन केलं म्हणून माझं काही बिघडत नाही. सलतं ते हे की ताडासनाला यायला मुभा होती तेव्हा ताडासनाच्या देशातल्या माणसाला दीडशेच्या यादीत उभं राहावं लागत होतं. व्हँकुव्हरच्या बंदरातल्या ३७६ जणांना सूर्यनमस्कार येत असते तरी काही उपयोग नव्हता. हे आपल्या मुलांना सांगायला हवं, कारण शाळेत योगाचा तास असला तरी त्या तासाला हे कोणी सांगत नाही.

बरं, आईचं काय झालं? तो हिवाळा तिनं स्टुडिओत काढला. आठवड्यातून तीन सकाळी. एक चिनी आजी, एक पोर्तुगीज आजी, एक निवृत्त बसचालक आणि आई, असा ज्येष्ठांचा कट्टाच जमला. वर्ग संपल्यावर तिथेच थर्मासमधला चहा. आईचं इंग्रजी बेताचं, त्यांचंही तसंच. पण ‘शवासन’ म्हटलं की सगळ्यांना एकदम कळायचं. बाईंनी उच्चार विचारायला सुरुवात केली. ‘अधोमुख श्वानासन’ हे आईकडून घोटून घेतलं, ‘ख’ आणि ‘श्व’सकट. बदल्यात आईला खुर्चीवरून सर्वांगासन शिकवलं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. ती पुण्यात असती तर ‘या वयात काय हे’ असं पहिल्यांदा मीच म्हटलं असतं.

एप्रिलमध्ये ती परत गेली. पुढच्या मार्चमध्ये कोविड आला, स्टुडिओ बंद झाले, काही कायमचे. आमच्या बाईंनी पडद्यावर वर्ग सुरू केला. इथले सकाळचे नऊ म्हणजे पुण्यातले संध्याकाळचे साडेसहा. दिवेलागण करून आई फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून बसायची. चौकोनात चिनी आजी, बसचालक, बाई, आणि मागे आमच्या पुण्याच्या घरातलं गणपतीचं कॅलेंडर. दोन-तीनदा मी सहज तिच्याशी बोलायला म्हणून आत डोकावलो, आणि बाईंनी मला मॅट आणायला सांगितलं.

स्टुडिओ पुन्हा उघडला तेव्हा आईची खिडकीजवळची जागा रिकामी होती. बाई म्हणाल्या, ती येईपर्यंत ही तुझी. सध्या तिथे मी असतो. मंगळवार आणि शुक्रवार. मांडी आता वीस मिनिटं टिकते, खाली दोन पांघरुणं घेऊन.